पुढे सांगणारा

संगणकांच्या जाळ्यातल्या रिपीटरला स्वतःचं मत नसतं. एका वायरीतून धापा टाकत आलेला सिग्नल घ्यायचा, त्याला ताजातवाना करायचा आणि उरलेल्या वायरींत सोडून द्यायचा, एवढंच त्याचं काम. निरोप कुणाचा, कुणासाठी, ही चौकशी नाही. पत्तासुद्धा तो वाचत नाही. आपल्याकडे लग्न ठरल्याची बातमी तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत लग्न मोडलेलं असतं; इथे शून्याचं शून्य आणि एकाचा एकच पोचतो.

साहजिकच त्याचं कॉन्फिगरेशन करायला बाह्या सरसावून बसणाऱ्याची निराशा होते. साधा हब घ्या. हब म्हणजे अनेक तोंडांचा रिपीटरच. ना मेनू, ना पासवर्ड. वीज द्या, केबल टक् आवाज येईपर्यंत खोचा, हिरवा दिवा लागला की झालं. हबला हब जोडताना तेवढं अपलिंकचं बटण बघायचं.

डोकं लागतं ते मांडणीला. दहा मेगाबिटच्या इथरनेटमध्ये पीळदार तारांची केबल १०० मीटरपर्यंतच. पुढे जायचं तर रिपीटर हवा. पण कुठल्याही दोन संगणकांच्या मध्ये चारांहून जास्त चालत नाहीत. कारण इथल्या रिवाजात आहे, आणि तो मोठा सभ्य आहे: वायर मोकळी आहे का ते ऐकून मगच बोलायचं, तरी दोघं एकदम बोललेच, तर दोघांनीही गप्प व्हायचं आणि कमीजास्त थांबून पुन्हा सुरुवात करायची. मात्र टक्कर झाल्याचं आपलं बोलणं संपायच्या आत कळायला हवं. सगळ्यांत छोटं बोलणं ६४ बाइटचं, म्हणजे ५१.२ मायक्रोसेकंदांचं. प्रत्येक रिपीटर त्यातला थोडा वेळ खातो. साखळी फार लांबली की बोलणारा बोलून मोकळा होतो आणि टकरीची बातमी मागाहून येते.

एखाद्या तोंडावर लागोपाठ तीसहून जास्त टकरी झाल्या, तर मात्र हा गरीब प्राणी ते तोंड तात्पुरतं बंद करतो. बाकीच्यांचं काम सुरू राहतं. सहनशक्तीची एवढी स्पष्ट मर्यादा ठरवलेला दुसरा कारकून माझ्या पाहण्यात नाही.

आता त्याच्या जागी स्विच आला. तो पत्ते वाचतो, लक्षात ठेवतो, ज्याचं त्यालाच देतो. हुशार आहे, वादच नाही. पण कोण कुणाशी बोलतं हे ठाऊक असणाऱ्याला कुलूप लावावं लागतं. म्हणून मोठ्या स्विचला पासवर्ड आला, आणि तो पासवर्ड विसरणारी माणसंही आली.