कमिंग सून

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटो ही तिन्ही कामं एकाच टेबलावर उरकणारी जी दुकानं आहेत, त्यातल्या एकाचा तो मालक. पाटीवर दुकानाचं नाव आहे, आधार कार्डावर त्याचं नाव आहे, पण ती दोन्ही कुणी वापरत नाही. सगळा गाव त्याला 'कमिंग' म्हणतो. पोरं मानानं 'कमिंगभाऊ' म्हणतात. तिशी नुकतीच उलटलेली, पुढचे केस रजेवर गेलेले, डाव्या हातात चहाचा कागदी कप, उजव्या हातात काच तडकलेला मोबाईल, आणि त्या मोबाईलवर अजून न आलेल्या कुठल्यातरी गेमाचा ट्रेलर. न आलेल्या, हे ध्यानात ठेवा. आलेल्या गेमात कमिंगला रस नाही.

माझी त्याची ओळख पीक विम्याच्या फॉर्मापायी झाली. जुलै संपत आलेला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सातबारे हातात धरून माणसं घामेजलेली, आणि पोर्टल नुसतं गोल फिरतंय. कमिंग मात्र निवांत. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "सर, ही मगर बघा." बघितली. एक मगर चक्क एका दुकानात शिरत होती. "चाल बघा तिची. पाणी बघा. वाळूवर माणसं किती हायेत बघा, अन् एकाचं थोबाड दुसऱ्यासारखं नाही. जीटीए सहा हाय सर हे." मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाबा, माझा इमा कव्हा येनार?" कमिंगनं मगरीवरची नजर न काढता उत्तर दिलं, "कमिंग सून, मामा."

त्याचं हे वेड शाळेतलं. गावातल्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं पैसे मोजून तो जीटीएचाच जुना भाग, व्हाइस सिटी, खेळायचा. खेळायचा म्हणजे दुसऱ्याची गाडी हिसकावून समुद्रात घालायचा. त्या गेमात काही गोष्ट आहे, हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं. पुढं जीटीए पाच आला तो 17 सप्टेंबर 2013 ला. मराठवाड्यातल्या पोराला ही तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही. त्या सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून कमिंग घरी आला, आणि आपला दिवस साऱ्या जगानं साजरा केला असं त्याला वाटलं. ते वाटणं अजून गेलेलं नाही. त्यानंतर सहावा यायला दहा-बारा वर्षं लागली, आणि अजून लागतायत. मधल्या काळात कमिंग पदवीधर झाला, दुकान टाकलं, लग्न केलं.

पहिल्या ट्रेलरची हकिकत तो अजूनही दुखऱ्या आवाजात सांगतो. डिसेंबर 2023. ट्रेलर 5 तारखेला, आपल्या घड्याळानं संध्याकाळी साडेसातला येणार, असं रॉकस्टार कंपनीनं जाहीर केलेलं. कमिंगनं तयारी केली. दुकानातल्या मॉनिटरचं तोंड रस्त्याकडं वळवलं, चुलतभावाच्या डीजेतला एक स्पीकर आणला, पोरांना सांगावे धाडले, भज्यांची ऑर्डर दिली. आणि ऐन वेळी ट्रेलर फुटला. कुणीतरी तो आधीच इंटरनेटवर टाकला, मग कंपनीनंही नाइलाजानं आपला सोडून दिला. अमेरिकेत 4 तारखेची संध्याकाळ होती, लोह्यात 5 तारखेची पहाट, पाच वाजायला आलेले. कमिंग गाढ झोपेत. तो उठला तोवर जग पाहून मोकळं झालं होतं. पहिल्या चोवीस तासांत यूट्यूबवर नऊ कोटींच्या वर वेळा तो पाहिला गेला. त्या नऊ कोटींत आपला नंबर मागं लागला ही सल त्याच्या मनातून जात नाही. संध्याकाळी साडेसातचा कार्यक्रम मात्र ठरल्या वेळेला झाला, कारण भजी सांगून ठेवली होती.

ट्रेलर दीड मिनिटाचा. कमिंगचं त्यावरचं निरूपण दीड तासाचं. तो ट्रेलर पाव गतीनं लावतो, जागोजाग थांबवतो, गाडीच्या नंबरप्लेटवर बोट ठेवतो, पाटीवरची अक्षरं वाचून दाखवतो. ह्यात तो एकटा आहे असं समजू नका. कंपनीनं एका चित्रात चंद्र दाखवला, तेवढ्यावरून देशोदेशीच्या पोरांनी चंद्राच्या कला मोजून दुसऱ्या ट्रेलरची तारीख काढली होती. कमिंगनं तर कॅलेंडर उतरवून तिथी ताडून पाहिली. पौर्णिमा झाली, अमावास्या झाली, ट्रेलर काही आला नाही. तो आला 6 मे 2025 ला, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना. आणि त्याच्या चारच दिवस आधी गेम 26 मे 2026 पर्यंत पुढं ढकलल्याचं कंपनीनं सांगितलं होतं. रडणाऱ्या पोराच्या हातावर गूळ ठेवावा तसा तो ट्रेलर होता. कमिंगनं तो गूळ महिनाभर चघळला.

पुढं नोव्हेंबर 2025 मध्ये तारीख परत ढकलली. आता 19 नोव्हेंबर 2026. मला वाटलं, बिचारा खचला असेल. दुकानात गेलो तर गडी सगळ्यांना चहा पाजत होता. "चांगलंच झालं की सर. अजून सहा महिने मिळाले."

कशाला मिळाले, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. न आलेला गेम कुठल्याही मोबाईलवर चालतो. त्याला रॅम लागत नाही, रेंज लागत नाही, लोडशेडिंगमध्येही तो बंद पडत नाही. त्यात कमिंग कधी मरत नाही. आलेल्या गेमात एखादं नववीतलं पोरगं येऊन त्याला पाठीमागून गोळी घालतं आणि वर शिवी देतं. अपमान करून घ्यायला तिशीतल्या माणसाला गेम कशाला हवा?

एकदा एका पोरानं भर बैठकीत विचारलं, "भाऊ, पन हा गेम मोबाईलवर यायलाय का?" बैठक गार पडली. गेम जाहीर झालाय तो प्लेस्टेशन पाच आणि एक्सबॉक्स सिरीज ह्या दोन यंत्रांसाठीच, हे कमिंगइतकं लोह्यात कुणालाच ठाऊक नाही. त्यानं त्या पोराकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तू आधी ट्रेलर पुरता बघ बे."

प्लेस्टेशनचा भाव अप्पांच्या, म्हणजे त्याच्या वडलांच्या, कानावर कुणीतरी घातला. पन्नास हजारांच्या पुढं. अप्पांनी 2025-26 च्या हमीभावानं, क्विंटलला 5,328 रुपयांनी, मनातल्या मनात भागाकार केला. "धा क्विंटल सोयाबीन! एका डब्याला! अन् हमीभावानं घ्यायलंय कोन?" हिशेब चोख होता. पण कमिंगवर त्याचा परिणाम होत नाही, कारण त्याचं त्यावरचं उत्तर तयार आहे. नांदेडहून लोह्यावरून लातूर रोडला रेल्वे जाणार, ही चर्चा अप्पा कित्येक वर्षं ऐकत आलेत. सर्वेक्षणाच्या बातमीचं एकही कात्रण त्यांनी टाकलेलं नाही. सगळी बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत, तारीखवार. लोह्यात गाडी आली नाही, पण ती रानाच्या कुठल्या बांधावरून जाईल हे अप्पा काठीनं दाखवतात. बापलेकांचं वाजलं की कमिंग एवढंच विचारतो, "अप्पा, गाडी कव्हा यायलीय?" मग दोघंही गप जेवतात.

कमिंगला फसवणूक नवी नाही. उलट त्यानं इतक्या वेळा हात पोळून घेतलेत की त्यावर एखादा प्रबंध व्हावा. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजी बंद केला. दोनच दिवसांत अक्षयकुमारनं फौजी हा गेम जाहीर केला. कमिंगनं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलवर, फॉर्म भरता भरता, त्याची आगाऊ नोंदणी करून टाकली. त्यात रेशनकार्डाला आलेल्या दोन आजीबाईही होत्या. दसऱ्याला टीझर आला, प्रजासत्ताक दिनाला, 26 जानेवारी 2021 ला, गेम आला. उघडून बघतात तो बंदूकच नाही! सुरुवातीला नुसती हाणामारी. पोरं म्हणाली, ही तर आपल्या बसस्टँडवर फुकटात बघायला मिळते.

मग मे 2021 मध्ये पबजीच्या भारतीय अवताराची, बीजीएमआयची, नोंदणी खुली झाली. कंपनीच्याच सांगण्यानुसार पहिल्या दिवशी 76 लाख लोकांनी नावं घातली. तो जुलैत आला, पुढच्याच वर्षीच्या जुलैत सरकारनं तोही दुकानांतून काढायला लावला, मे 2023 मध्ये तो पुन्हा आला. कमिंगच्या दृष्टीनं हा सर्वांत गुणी गेम. एकाच गेमाची दोनदा वाट बघायला मिळाली.

पण खरा कस लागला तो फ्री फायरच्या वेळी. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यावर बंदी आली. ऑगस्ट 2023 च्या शेवटी कंपनीनं सांगितलं, फ्री फायर इंडिया 5 सप्टेंबरला येतोय. जाहिरातीत धोनी. लोह्यातल्या पोरांनी पोळ्याच्या आधी पोळा साजरा केला. 4 तारखेला निरोप आला की काही आठवडे लागतील. तेव्हापासून ते 'काही आठवडे' चालू आहेत. पोरं विसरली, दुसऱ्या गेमांना लागली, काहींची लग्नं झाली. कमिंग विसरला नाही. बैठकीत विषय निघाला की एक बोट वर करतो आणि म्हणतो, "नाही म्हनले नाहीत. पुढं ढकललाय म्हनले."

त्याचा अभ्यास परदेशापर्यंत आहे. ड्यूक नुकेम फॉरएव्हर 1997 ला जाहीर झाला, 2011 ला आला. "चौदा वर्षं, सर! रामाचा वनवास!" आणि राम आल्यावर अयोध्येनं नाकं मुरडली, हे तो हळूच पुढं जोडतो. सायबरपंक डिसेंबर 2020 मध्ये आला तो इतका मोडका की सोनीनं आठवड्याभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या एका मूठभर लोकांच्या स्टुडिओनं 2019 मध्ये सिल्कसाँग जाहीर केला आणि 4 सप्टेंबर 2025 ला बाजारात आणला. त्या दिवशी घेणाऱ्यांच्या गर्दीनं स्टीमसारखं बलाढ्य दुकान अडखळलं. ही कथा कमिंग कीर्तनकाराच्या तन्मयतेनं सांगतो. सिल्कसाँग कसा आहे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. आल्यावर त्यानं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

इंडस ह्या गेमाची गोष्ट तर जवळची. पुण्याच्या सुपरगेमिंगनं केलेला, 2022 मध्ये जाहीर झालेला. "आपला महाराष्ट्राचा गेम हाय," म्हणून कमिंगनं छाती काढून प्रचार केला. ऑक्टोबर 2024 मध्ये तो आला. त्या दिवशी दुकानात गेलो. कमिंगनं डाउनलोडचं बटण दाबलं. मोबाईलनं सांगितलं, जागा शिल्लक नाही. सगळी जागा ट्रेलरांनी खाल्ली होती. एखादा ट्रेलर पुसावा की काय ह्याचा त्यानं बराच विचार केला, एकेक पुन्हा लावून बघितला, आणि शेवटी एकही पुसवला नाही म्हणून गेमच राहू दिला.

लोह्यापासून जवळच माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोड्यांच्या बाजारात अशी माणसं मी पाहिलीत, की जी सकाळपासून घोड्याचे दात बघतात, भोवरे बघतात, चालवून बघतात, भाव विचारतात, मान हलवतात आणि संध्याकाळी भंडारा लावून हात हलवत घरी जातात. कमिंगही दर वर्षी जातो. घोड्यांकडं बघत नाही. आकाशपाळण्याच्या उजेडात उभा राहून व्हिडिओ काढतो आणि 'व्हाइस सिटीची फिलिंग' असं लिहून स्टेटसला टाकतो.

लग्नसुद्धा त्यानं असंच केलं. आधी टीझर सोडला: पाठमोरे दोघं, लिंबोटी धरणाच्या काठावर. मग ट्रेलर, त्यात ड्रोन. मग मुहूर्त महिनाभर पुढं गेला, तेव्हा तो हरखला आणि 'न्यू डेट' म्हणून वेगळं पोस्टर काढलं. प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी बोहल्यावर तो जरा पडलेल्या चेहऱ्यानं उभा होता. पाहुण्यांना वाटलं उन्हाचा त्रास होतोय.

बायको हुशार निघाली. दुकानाचा जमाखर्च आता तीच बघते, आणि फॉर्मात कमिंगनं केलेल्या चुका निस्तरते. घरात खरा गेम खेळणारं माणूस कुणी असेल तर ती. लुडो किंग. 2016 मध्ये आपल्या मुंबईकडच्या कंपनीनं काढलेला. त्याची कुणी वाट बघितली नव्हती, आणि लॉकडाउनमध्ये अख्खा देश तोच खेळत बसला होता. ती रोज रात्री सासूला आणि अप्पांना हरवते. कमिंग शेजारी कानात बोंड्या घालून पडलेला असतो. एकदा अप्पांनी त्याला चौथा गडी म्हणून बोलावलं, तर म्हणाला, "त्यात आता नवीन काय यायलंय?"

माझं ह्या माणसाविषयीचं मत चांगलं आहे. तो पैसे लावून खेळायच्या ॲपांच्या नादाला लागला नाही. त्या ॲपांनी बुडवलेली घरं गावोगावी आहेत. ह्यानं आजवर घालवला तो फक्त डेटा. नव्या गेमाची बातमी सांगताना त्याचा चेहरा जसा उजळतो, तसा आमच्या वयाच्या माणसांचा हल्ली पेन्शनच्या तारखेलासुद्धा उजळत नाही.

तेव्हा लोहेकरांना एक सांगणं. 19 नोव्हेंबर 2026 ला गुरुवार आहे. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, जे काही ऑनलाइन काम असेल ते बुधवारीच उरकून घ्या. गेम आला तर गुरुवारी दुकानात तोंड पाडून बसलेल्या माणसाकडून तुमच्या नावाचं स्पेलिंग चुकेल. तारीख पुन्हा पुढं गेली, तर बिनधास्त या, चहा त्याच्याकडून.