बरी, फार बरी

वडिलांमागं वाट्याला काय आलं, असं कुणी विचारलं तर मी बुटांच्या खोक्याकडं बोट दाखवतो. खोक्यात तेवीस कॅसेटी आहेत. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं. तिथं रात्र रात्र बसून, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन वडिलांनी त्या भरल्या. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात शेरा आहे. गायकाचं नाव नाही, रागाचं नाही, साल तर नाहीच. बावीस कॅसेटींवर नुसतं ‘मिरज, बरी’. एकीवर मात्र ‘मिरज, फार बरी’.

वडील मोजूनमापून बोलणारे. दहावीला मला 82 टक्के पडले तेव्हा ‘बरे आहेत’ एवढंच म्हणाले आणि नंतर बराच वेळ खिडकीशी गप्प उभे राहिले. मी ते गणितातल्या मार्कांच्या खाती जमा धरलं.

टेपांना वयाप्रमाणं खोकला लागला होता, म्हणून त्या संगणकात घ्यायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, “बाबा, हे सगळं यूट्यूबवर असेल की!” असेलही. पण ते आजोबांच्या मांडीवरून ऐकलेलं नसणार, असं म्हणून मी माळ्यावरचा डेक उतरवला. त्याच्या आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं. तो बदलून घेतला, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, लोंबणारी टेप जुन्या पद्धतीनं पेन्सिल घालून गुंडाळली आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी उतरवलं. 1999 साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट मिळतं. फुकट मिळाल्याचा आनंद मी दोन दिवस उपभोगला. मग कळलं, किंमत वेगळ्या नाण्यात मोजायची आहे.

मला वाटलं होतं, पेन ड्राइव्हसारखं भराभर कॉपी होईल. तसं नाही. हे सॉफ्टवेअर सेकंदाचे 44,100 तुकडे करून प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवतं, पण पंचेचाळीस मिनिटांची बाजू घ्यायला त्याला पंचेचाळीस मिनिटंच लागतात. ख्याल विलंबित असेल तर तेही बिचारं विलंबितच चालतं. तेवीस नव्वदी म्हणजे साडेचौतीस तास. वडील गेल्यावर त्यांच्याबरोबर इतका वेळ बसायचा योग यावा आणि तो यंत्रानं आणावा, हे त्यांना पटलं नसतं. ‘वायर नीट लाव,’ एवढंच म्हणाले असते.

पहिली बाजू घेतली. पडद्यावर निळ्या लहरींची रांग उभी राहिली. गाण्याच्या लहरी बेताच्या, टाळ्यांच्या त्याहून मोठ्या, आणि मधूनच भाल्यासारखा छताला टेकणारा एखादा सुळका. तिथं नेऊन ऐकलं तर वडिलांचा आवाज: “वा!” रेकॉर्डर मांडीवर, तोंड त्याच्या वर हातभर. बुवा राहिले मंचावर.

बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. “मामंजी? आणि ‘वा’? अहो, माझ्या पुरणपोळीला वीस वर्षं ‘बरी’ म्हणत होते!”

आधी खरखर काढू म्हटलं. त्याची रीत अशी, की जिथं नुसती खरखर आहे अशी दोन-चार सेकंदं सॉफ्टवेअरला दाखवायची. ते तिची ओळख पटवून घेतं आणि मग तसलं जे जे हळू आवाजात सापडेल ते सगळ्या कॅसेटभर दाबून टाकतं. मी गाणं सुरू होण्याआधीची शांत जागा दाखवली. काम झाल्यावर ऐकतो तर खरखर गेली आणि तंबोराही गेला! ती जागा शांत नव्हतीच, तिथं तंबोरा चालू होता. मिरजेच्या मैफलीतून तंबोरा हद्दपार! ज्या गावात पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडले त्या गावाचा हा अपमान. गायक अगदी हळुवार षड्जावर टेकायला गेला की तोही विरून जायचा. सॉफ्टवेअरच्या हिशेबी षड्ज म्हणजे न थांबणारा त्रास. आमच्या सोसायटीतल्या काही मंडळींचं मत याहून फार वेगळं नाही. मी सगळं पूर्ववत केलं आणि खरखरीची माफी मागितली.

दुसरी गंमत कान देऊन ऐकल्यावर सापडली. काही ठिकाणी वडिलांचं ‘वा’ यायच्या दोनेक सेकंद आधी अगदी पुसट ‘वा’ ऐकू येई. भुताटकी नव्हे. नव्वदीची टेप पातळ असते. गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं, ओल्या वहीतली शाई समोरच्या पानावर उमटावी तसं. त्यामुळं दाद आधी आणि जागा नंतर. गायक समेवर यायच्या आत वडील खूश. आयुष्यभर कशालाही घाईनं चांगलं न म्हणणाऱ्या माणसाला तीस वर्षं खोक्यात पडून हा उतावळेपणा जडला.

ते सुळके कापायची सोय आहे. एक निवडून मी डिलीटच्या कळीवर बोटही ठेवलं होतं. मग वाटलं, हे ‘वा’ कुठं जाईल? घरात आजवर ते कुणाला मिळालं नव्हतं. बोट उचललं.

बावीस कॅसेटी अशा झाल्या. एकेकीत आठ-दहा ‘वा’ सहज. शेवटी ‘फार बरी’ लावली. ही तर सुळक्यांनी गजबजलेली असणार म्हणून मी लेव्हल आधीच कमी करून बसलो. रांग सरकत राहिली. सुळका नाही. आलाप झाला, बंदिश झाली, एक तान अशी आली की माझ्याच तोंडून ‘वा’ गेलं. वडील गप्प. बाजू पालटली. दुसऱ्या बाजूलाही नव्वदावं मिनिट संपेपर्यंत एक शब्द नाही. मधे कुठंतरी नुसता एक लांब श्वास.

मग ‘खट्’ झालं. डेक थांबला. सॉफ्टवेअर मात्र सरळ रेघ ओढत राहिलं. ते थांबवायचं मला सुचलं नाही.

फाइल साठवताना एक तक्ता समोर येतो: कलाकार, नाव, वर्ष, प्रकार, शेरा. पहिले चार रकाने रिकामे ठेवले. शेऱ्यात टाइप केलं, ‘फार बरी’.

“काय झालं? बराच वेळ गप्प आहात,” बायकोनं विचारलं.

“काही नाही,” म्हटलं. “बरं आहे.”