धरण उशाला, चार्जिंग कशाला?

चिपळूणकराने विजेची तक्रार केली की लोक हसतात. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीला, १९६२पासून डोंगराच्या पोटात वीज तयार होते. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. वीज तारांवरून राज्यभर जाते आणि काम उरकलेलं पाणी आमच्या वाशिष्ठीला मिळतं. आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा उशाशी कोयना असताना चार्जिंगची कसली काळजी, असंच सगळे म्हणाले.

तसं पाहिलं तर माझी गाडीही पोफळीचीच विद्या शिकलेली आहे. कराडहून घाट उतरताना पाय नुसता उचलला की चाकं वीज तयार करतात आणि बॅटरीचा टक्का चक्क चढतो. अडचण एवढीच, की कोयनेच्या पाण्याला सोमवारी पुन्हा कराडला जायचं नसतं.

गावातला सार्वजनिक चार्जर एका हॉटेलच्या आवारात आहे. ॲपमध्ये तो बारा महिने 'उपलब्ध' असतो. प्रत्यक्षात त्याच्या जाड केबलवर वेटरचा टॉवेल वाळत असतो, समोर हॉटेलमालकाची डिझेल जीप लावलेली असते आणि गाडीत खुपसायच्या गनच्या भोकांत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं. छान, गुळगुळीत गिलाव्यासकट. वॉचमनमामांना विचारलं, "मशीन बंद आहे का हो?" ते दुखावले. "बंद कशाला? चालू हाय की! फकस्त चार्ज होत नाय."

पैसे मात्र होतात. म्हणजे कापले जातात.

शेवटी पावली ती पिठाची गिरणी. तिथल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला जेमतेम तीन युनिट मिळतात, पण मिळतात. गिरणीवाले काका आधी बिचकले. वीज विकली म्हणून महावितरणने धरलं तर? मी त्यांना सांगितलं, गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे, त्याला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८मध्येच केलाय. काका खूश झाले. "म्हणजे दळणच की! नंबर लावा."

नंबर खरंच लागतो. जातं फिरायला लागलं की व्होल्टेज बसतं, म्हणून गाडीची पाळी दोन दळणांच्या मध्ये. बॉनेटवर नाचणीच्या पिठाचा थर, आत मी, बाहेर डबे घेतलेल्या काकू. "अहो, तुमचं व्हायला अजून किती वेळ? माझे पाचच किलो तांदूळ आहेत, घावनांचे." अशा वेळी प्लग काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

अंधार पडता पडता काकांनी वही उघडून माझ्या नावापुढे लिहिलं: 'गाडी, भरड.'

"भरड कशी?"

"निम्मीच झालीय ना? बारीक हवी असेल तर रात्रभर ठेवावी लागेल."