दहा आणलीत, दहा घेऊन जा

चिंचवडच्या आसपास कारखान्यांच्या नोकऱ्यांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये एक तरी नाना असतोच. जन्मभर मशीन शॉपमध्ये फोरमनकी केलेला, फंडाच्या पैशातून लाकूडकामाची हौस भागवणारा आणि पाण्याच्या पंपाशेजारची खोली मीटिंगमध्ये भांडून मिळवलेला. आमच्या नानांच्या खोलीत बारा इंची डिस्क सँडर आहे. पाट डुगडुगला, खुंटीचं टोक बोचायला लागलं, चौरंगाचा एक पाय उगाच लांब वाटला, की लोक तिकडे जातात. काम दहा सेकंदांचं असतं. व्याख्यान मात्र तेवढ्यावर भागत नाही.

दारातच तपासणी. घड्याळ, अंगठी, कडं, ओढणी, सगळं बाहेरच्या खिळ्यावर. जोशी गुरुजी पाट घेऊन आले तर नानांनी आधी त्यांचं उपरणं काढून ठेवलं, मग जानवं शर्टाच्या आत खोचायला लावलं. तिसऱ्या मजल्यावरचा चिरंजीव मनगटाला गंडा बांधून आला. "नाना, हा रक्षणासाठी आहे." नाना म्हणाले, "मशीनला माहीत नाही ते." एकाने शहाणपणा करून चामड्याचे हातमोजे आणले, तेव्हा तर नाना उखडलेच. "अहो, चकतीने मोजा ओढला की आतला हातही बरोबर जातो! काढा आधी!"

मग चष्मा, मास्क, आणि हिशेब. मोटर मिनिटाला 1440 फेरे, चकती 300 मिलिमीटरची, म्हणजे काठाला ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर वेग. हे गणित नाना दर वेळी नव्याने मांडतात, भिंतीवर, खडूने. "आणि मध्यभागी वेग किती? शून्य! मध्यभागी नुसतं टेकून बसलं तर काही घासलं जात नाही." इथे ते थांबून आपल्याकडे बघतात. हसायचं असतं.

टेबल आणि चकती यांच्यात दीड मिलिमीटरची फट हवी. त्यासाठी पत्र्याची एक पट्टी खिशात कायम असते, लग्नाला जातानासुद्धा. फट वाढली तर तुकडा खाली ओढला जाऊन अडकतो. हे सगळं मशीनचा प्लग काढून तपासायचं, कागद फाटलाय का तेही तेव्हाच पाहायचं.

एवढं झालं की बटण. पण तेव्हाही लगेच नाही, चकती पूर्ण वेगात येईपर्यंत नाना डोळे मिटून आवाज ऐकतात. त्यांची चकती घड्याळाच्या उलटी फिरते, म्हणून डावीकडचा अर्धा भाग खाली येतो. काम फक्त तिथे. लाकूड आपोआप टेबलावर दाबलं जातं. उजवीकडे धरलं तर चकती ते वर उचलून तोंडावर भिरकावते. पाटाचा कोपरा ते अलगद टेकवतात आणि लगेच डावी-उजवीकडे थोडा सरकवत राहतात. जरा थांबलं की सागावर काळा डाग उमटतो आणि करपल्याचा वास येतो. बारीक भुसा पाइपातून पिशवीत जातो. कोपरा गोल होतो, आणि आपण ज्यासाठी आलो होतो ते झालेलं असतं.

शाळेच्या प्रकल्पासाठी काडेपेटीएवढा ठोकळा घेऊन एक मुलगी आली होती. एवढासा तुकडा हातात धरायचा नाही, म्हणून नानांनी त्याला धरायला खाच असलेली फळी केली. त्यात अर्धा तास गेला. ठोकळा चार सेकंदांत झाला. बटण बंद केल्यावर चकती थांबेपर्यंत हात मागे, आणि शेवटी तिलाही तोच हुकूम: "बोटं मोज. दहा आणलीस ना? दहा घेऊन जा."

नानांची स्वतःची दहाही शाबूत आहेत. मात्र गेल्या पावसाळ्यात तर्जनीला भलंमोठं बँडेज दिसलं. सोसायटीत कुजबुज सुरू झाली, अखेर मशीनने घेतलंच म्हणून. खरं काय ते नानींनी जिन्यातच सांगितलं. "कारलं चिरत होते, विळीवर. गेली किती वर्षं म्हणते, तुमच्या त्या चकतीवर विळीला धार लावून द्या. तर म्हणे लोखंडाच्या ठिणग्या भुशाच्या पिशवीत पडतील, आग लागेल. बोथट विळीच घसरते हो!" नाना मागे उभे होते. "ठिणगीचं म्हणणं बरोबरच आहे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यावरच्या धारवाल्याला हाक मारून वर बोलावलं आणि त्याच्या चाकाला गार्ड नाही म्हणून त्याला तासभर बसवून घेतलं.

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या नानांकडे पाट न्यायचा असेल, तर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला, अंगठी घरी ठेवा, जुन्या लाकडातले खिळे आधीच उपटून न्या. आणि गॅसवर दूध ठेवून जाऊ नका.