तळची बाभूळ

जळकोटात मे महिन्याच्या शेवटी पाहुणा आला, की त्याला आधी पाणी, मग चहा आणि त्यानंतर जळणाचं शेड दाखवतात. निदान आमच्याकडे तरी. सोनंनाणं आतल्या खोलीत झाकून ठेवायचं. सरपण मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असं रचायचं. मृग निघायच्या आत ज्या घरचं शेड पत्र्याला टेकलं, त्या घरची बाई पावसाळाभर गल्लीतून ताठ मानेनं चालते.

आमचा भाग बालाघाटच्या डोंगररांगांतला. माळ मोठे, झाडी थोडी. लाकडाचे ट्रक भरून यावेत असं जंगल काही उशाला नाही, त्यामुळं जळण येतं ते शेतातूनच. तुरीची रास झाली की तुराट्या, कापूस वेचून संपला की उपटलेल्या पऱ्हाट्या, बांधावरची वठलेली बोर नाहीतर बाभूळ. त्यातही बाभळीचं सरळसोट खोड सुतार औताला, बैलगाडीला उचलून नेणार. चुलीच्या वाट्याला येतं ते त्यानं नाक मुरडलेलं वाकडं-तिकडं. गोवऱ्यांचा संसार वेगळा. त्या उकिरड्याकडच्या हुडव्यात नांदतात आणि हुरड्याच्या आगटीपुरत्या मानानं बाहेर येतात.

शेडमधल्या जागा ठरलेल्या आहेत. तुराट्या दाराशी, कारण त्या भडकन पेटतात, भाकरी फुगवतात आणि लगेच विझतात. पऱ्हाट्या त्यांच्या मागं. लिंबाचं लाकूड कोपऱ्यात, न्हाणीच्या पाण्यापुरतं. त्याचा धूर डोळ्यांत गेला की माणूस नसलेल्या दुःखासाठीही रडून घेतो. आणि सगळ्यांच्या तळाशी, दगडांवर टाकलेल्या फळ्यांवर, माझ्या मायची बाभूळ.

फळ्या वाळवीसाठी. भिंतीपासून वीतभर अंतर सोडायचं ते वाऱ्यासाठी. ओलं लाकूड वाळल्याशिवाय ठेवायचं नाही, कारण ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात पाण्याचा वाटा फार मोठा असतो. तसंच चुलीत घातलं तर जाळ ते पाणी आटवण्यात वाया जातो आणि घरभर धूर. वाळलेल्या लाकडाची टोकं तडकतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणतात. माय हे आपटून बघते तेव्हा तिचा चेहरा रुपये वाजवून घेणाऱ्या सावकारासारखा होतो.

साल ठेवायची की काढायची, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. दादांचं म्हणणं, सालीखाली भुंगा बसतो आणि वर्षभरात लाकडाचं पीठ पाडतो. मायचं म्हणणं, सालीनंच तर चूल लवकर धरते. बाभळीच्या सालीनं कातडी कमावतात. आमच्या घरी तिनं फक्त भांडण कमावलं. पुढं कळलं, की हे दुखणं जगभरचं आहे. नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनं २०१३ च्या फेब्रुवारीत सरपणावर १२ तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातले बरेचसे तास नुसती पेटलेली शेकोटी. तरी तक्रारी आल्याच. निम्म्या लोकांचं म्हणणं, लाकडं रचताना साल वर हवी, निम्म्यांचं, खाली. मी ही गोष्ट घरी सांगितली. दादा म्हणाले, "काढूनच टाकायची ना मग!"

हे शेड मुळात जळणासाठी बांधलेलंच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि जिल्हाभर लोकांना दगडमातीच्या माळवदाखाली झोपायची धास्ती बसली. आमच्या दारातही तेव्हा पत्रा आला आणि आम्ही त्याखाली अंथरुणं टाकली. पुढं भीती ओसरली, माणसं आत गेली. रिकामा पत्रा मायला बघवेना. तिनं आधी एक मोळी ठेवली. एकदा ठेवलेली मोळी एकटी राहत नाही.

गॅस आला. जळणाचं काय होणार, अशी चर्चा घरात झाली. काही झालं नाही. चूल कमी पेटू लागली, एवढंच. त्यामुळं शेड उलट अधिक भरलं. आता मांजर तिथं बाळंत होते, एखादी धामण हिंडून जाते, विंचवाच्या भयानं अंधारात कुणी हात घालत नाही. खरं तर या शेडची एवढी राखण कुठला कुत्राही करणार नाही.

वर्षातून एकदा बाभळीला आशा वाटावी असा दिवस येतो. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या रात्री भज्जीचं मोठं पातेलं गॅसवर मावत नाही, अंगणात चूल मांडावी लागते. मी दरवर्षी तळाशी हात घालतो.

"त्याला नको हात लावू. ते अडीनडीचं हाय," माय म्हणते. भज्जी पऱ्हाट्यांवरच शिजते.

ही अडीनडी म्हणजे पुतण्याचं लग्न, असं पुढं उलगडलं. लग्न ठरलं तेव्हा माय स्वतः शेडमध्ये जाऊन तुकडे वाजवून आली. पण लग्न निघालं उदगीरच्या मंगल कार्यालयात. आचारी आला तो आपल्या शेगड्या आणि सिलिंडर टेम्पोत घालूनच. पंगती उठल्या, वरात गेली. गावी परतल्यावर मी म्हटलं, "माय, आता तरी काढायची का ती बाभूळ?"

तिनं पदर खोचला, वरची घसरलेली पऱ्हाटी नीट बसवली.

"पोराचं बारसं तर आपल्याच दारात होईल की."