सेल्फ मार!

आमच्या पिकअपच्या पुढच्या बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदललं जातं. डिझेल फिल्टर मात्र गाडी जन्माला आली तेव्हाचाच असावा, असा माझा दाट संशय होता. गाडी माझी आणि चुलतभावाची, म्हणजे आबाची, भागीतली. भागी अशी की हप्ते माझे आणि हॉर्न त्याचा. जुनी, तिसऱ्या हातची; कॉम्प्युटर-सेन्सरची भानगड नाही, सगळा कारभार लोखंडाचा. मागच्या फळीवर ‘थांबला तो संपला’ असं लाल अक्षरांत रंगवलेलं.

तर ती थांबू लागली. सपाटीला बरी चालायची. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघाली की चढावर दम तोडायची. आबाचं म्हणणं, लोड जास्त झाला. लोड त्यानेच भरलेला. शेजारच्या तात्यांचं म्हणणं, डिझेलमध्ये रॉकेल आहे. तात्यांच्या मते जगात जे जे बिघडतं त्याच्या मुळाशी रॉकेल असतं. रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं तरी हे मत बदललेलं नाही. आईने गाडीवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. तिघांत तिचाच उपाय स्वस्त होता.

मिस्त्री आला. त्याने तिघांचंही ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला, “चढाला डिझेल जास्ती लागतंय अन् तेवढं वर येत न्हाई.”

बॉनेटखाली, मोठ्या इंजेक्शन पंपाच्या बगलेला, मुठीएवढा फीड पंप चिकटलेला असतो. टाकीतून डिझेल ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं, मोठ्या पंपाच्या हवाली करायचं, एवढीच त्याची नोकरी. आत एक प्लंजर, एक स्प्रिंग आणि डिझेलला माघारी फिरू न देणारे दोन व्हॉल्व्ह. डोक्यावर हाताने मारायचा छोटा पंप. मिस्त्रीने तो दाबून बघितला, तर दाबायला काही जोरच लागेना. टाकीतला कचरा व्हॉल्व्हखाली अडकून अडकून ते झिजले होते. मग फिल्टरचं भांडं सोडलं. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून तळाला पाणी, त्यावर गाळ, आणि फिल्टरचा कागद काळ्या मसाल्यात घोळवल्यासारखा. पंप निम्मं ढकलत होता आणि फिल्टर त्यातलं निम्मं सोडत होता.

“नुसता फिल्टर बदलला तर?” आबा.

“न्हाई.”

“नुसता पंप?”

“न्हाई.”

“मग एक आत्ता, एक दिवाळीला?”

मिस्त्री पाने शोधायला उठून गेला. तेवढ्या वेळात मी आबाला सांगितलं, की रुडॉल्फ डिझेल या माणसाचं इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला नीट चालू लागलं, आणि १९००च्या पॅरिस प्रदर्शनात तसलंच एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आबा गंभीर झाला. “मग कुणीतरी किलोचा भाव विचारला आसंल,” तो म्हणाला. तेलाचा इतिहास इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

जुना पंप उतरवून नवा चढवायला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तांब्याच्या वायसरांवर. मिस्त्री म्हणे, नवे पाहिजेत; आबा म्हणे, जुनेच उलटे करून बसव. उपजतच काटकसरी माणूस. दात घासायचा ब्रशसुद्धा त्याने सायकलच्या चेनसाठी राखून ठेवलेला. पण एकदा चेपलेला वायसर पुन्हा घट्ट बसेलच असं नाही. त्यातून टाकीकडच्या बाजूला डिझेल ओढलं जात असतं; तिथे फट राहिली तर बाहेर थेंब दिसत नाही, गुपचूप हवा आत शिरते. आणि हवा म्हणजे या इंजिनाचं विचित्र प्रकरण. त्याला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा पडताच पेटावा. म्हणजे हवेवाचून ते पेटत नाही, आणि डिझेलच्या नळीत तीच हवा शिरली की चालत नाही. बुडबुडा दाबला की आकसतो. पंपाचा सगळा जोर त्याला चेपण्यातच जातो आणि इंजेक्टर काही उघडत नाही.

त्यामुळे शेवटी हवा काढावी लागते. हे काम पदवीधरांना देतात. “मारा गुरुजी,” म्हणून मला त्या छोट्या पंपावर बसवलं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला केलेला. तिथून आधी फुसफुस, मग फेस, मग पुन्हा फेस. अंगठा बधिर झाला. तात्या वाकून फेसाचा वास घेत होते, रॉकेल सापडतंय का बघायला. अखेर डिझेलची अखंड धार आली. मग इंजेक्टरच्या नळ्यांचे नट ढिले झाले आणि मिस्त्री ओरडला, “सेल्फ मार!” आबाने चावी फिरवली. नटांतून थुंकल्यासारखं डिझेल उडालं. एकेक नट आवळत गेला, तसा आधी एक सिलिंडर पेटला आणि गाडी उभ्या जागी थरथरली, मग दुसरा, मग सगळे, आणि पांढऱ्या धुरात तात्या दिसेनासे झाले.

हाताचा वास साबणाने गेला नाही, बेसनाने गेला नाही. जेवताना भाकरीलाही तोच. घरात कोणी माझ्या शेजारी बसेना.

आबाला मात्र त्या दिवसापासून विद्या प्राप्त झाली आहे. परवा तात्यांच्या भाच्याची पिकअप वेशीत बंद पडली, तर याने बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सांगितलं, “फीड पंप.” मिस्त्रीने येऊन टाकीचं झाकण काढलं आणि आत काडी घातली. काडी कोरडी. कॅनने डिझेल ओतलं तरी गाडी सुरू होईना, कारण कोरड्या टाकीतून नळ्यांत हवा भरलेली. तेव्हा आबानेच बाह्या सरसावून तो छोटा पंप मारला, आणि गाडी चालू झाल्यावर जमलेल्यांना ऐकवलं, “बघा, काम शेवटी फीड पंपाचंच निघालं.”