गॉडर्ड घाटात बसला

वहिनी, जरा भिंतीशी या ना. कोथिंबीर निवडायला घेतलीये, हात चालतील तसं तोंडही चालेल. काल तुमचा धाकटा खोपोलीहून येताना चौकजवळ गाड्यांच्या रांगेत अडकला म्हणून केवढा चिडला होता! मुद्दाम कान देऊन नाही हो ऐकलं. या आर्टिस्ट व्हिलेजात कुणाचं काही लपून राहतं का? त्याला म्हणावं, याच वाटेवर १७८१ च्या एप्रिलमध्ये एका इंग्रज जनरलला पनवेल गाठायला तीन-चार दिवस लागले होते. आणि मागे हॉर्न वाजवणारे नव्हते, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते!

थॉमस गॉडर्ड नाव त्याचं. नाही हो, तुम्ही म्हणताय तो इष्टूर फाकडा. तो कॅप्टन स्टुअर्ट, १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याला पडला, वडगाव मावळात त्याची समाधी आहे. बघा, साधा कॅप्टन, पण आपल्या लोकांनी लाडाचं नाव ठेवलं. गॉडर्ड एवढा मोठा सेनापती, त्याला पनवेलात कुत्रं ओळखत नाही.

तरुणपणी राजाच्या ८४व्या पायदळ पलटणीत लेफ्टनंट होता. मग कंपनीच्या नोकरीत शिरला, बंगालमध्ये देशी शिपायांची पलटण उभी केली. पण नशीब उघडलं ते वरच्या साहेबाच्या आळसानं. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनं १७७८ साली काल्पीहून मुंबईकडे फौज धाडली, जमिनीवरून, म्हणजे अख्खा मध्य हिंदुस्थान तुडवत. म्होरक्या होता कर्नल लेस्ली. तो बुंदेलखंडात तिथल्या भांडणांत नाक खुपसून बसला तो बसलाच. हेस्टिंग्ज त्याला काढायच्या बेतात होता, तेवढ्यात ऑक्टोबरात लेस्ली वारलाच. सूत्रं आली गॉडर्डकडे.

आणि मग हा जो चालत सुटलाय! भोपाळ, नर्मदा, बऱ्हाणपूर. इकडे मुंबईवाल्या इंग्रजांची फौज वडगावला मराठ्यांपुढं नाक घासून बसलेली. सोबत म्हणे एकोणीस हजार बैल होते, कशी हलणार? बंगालची फौज परत पाठवू असंही त्यांनी मराठ्यांना कबूल करून टाकलं. गॉडर्डनं ते मानलंच नाही. आपले स्वार अडवायला येणार हे कळल्यावर बऱ्हाणपूर ते सुरत, जवळजवळ तीनशे मैल, वीस दिवसांत काटले. शत्रूचा असला तरी कौतुक करावं असंच आहे ते.

त्यावर बढती मिळाली. पण हुकूम घ्यायचे ते थेट कलकत्त्याहून. मुंबईच्या कौन्सिलवाल्यांची काय जळजळ झाली असेल! खायचं सासरी आणि हिशेब द्यायचा माहेरी, असली सून कोण सहन करील? तो मात्र जोरात होता. फत्तेसिंगराव गायकवाडांना फोडून आपल्याकडे घेतलं. १७८० च्या फेब्रुवारीत अहमदाबाद घेतलं. डिसेंबरात वसई घेतली. चिमाजीअप्पांनी १७३९ साली केवढं रक्त सांडून मिळवलेली वसई हो! ती सोडवायला निघालेले रामचंद्र गणेश कानडे तिकडे दुगाडला इंग्रजांच्या हार्टलीशी लढताना पडले.

आता खरी गंमत ऐका. १७८१ च्या फेब्रुवारीत यानं बोरघाट घेतला. वर घाटमाथा ताब्यात, खाली खोपोलीला तळ. पुणं आता काय, दोन ढांगांवर. पण वर चढायचंच नव्हतं त्याला! तिकडे दक्षिणेत हैदरअलीनं इंग्रजांची दाणादाण उडवलेली, म्हणून हेस्टिंग्जला मराठ्यांशी तह हवा होता, तोही घाईनं. म्हणजे घाटात बसून नुसते डोळे वटारायचे आणि नाना फडणवीस घाबरतील म्हणून वाट बघायची. नाना! ज्यांनी दोन वर्षांपूर्वी इंग्रजांच्या तोंडी दाणा पडू नये म्हणून तळेगाव जाळलं आणि पुणंही जाळायची तयारी ठेवली, ते डोळे वटारल्यानं घाबरणार? हैदरशी तर त्यांचं आतून संधान होतं. इंग्रजांचं कुठं दुखतंय ते त्यांना पक्कं ठाऊक.

मला विचाराल तर गॉडर्डचं चुकलं असेल तर एवढंच, की आयुष्यभर पायांवर जिंकलेल्या माणसानं दोन महिने बैठक मारली. नानांनी परशुरामभाऊंना कोकणात उतरवलं. पनवेलहून रसद निघाली की चौकच्या आसपास भाऊ हजर. शेवटी पावसाळा तोंडावर आला तेव्हा गॉडर्डनं काढता पाय घेतला. घाट उतरताना, पुढं झाडीतून, नाल्यांतून, सगळीकडून मार. २३ एप्रिलला पनवेलला पोचला तेव्हा चारशे सहासष्ट माणसं मेलेली नि जखमी, त्यात अठरा अंमलदार. आपल्या लोकांनी मुठीत धरलं होतं त्याला, तरी फौज मोडली नाही, हे मात्र मानलं पाहिजे.

पुढं प्रकृतीनं दगा दिला. १७८३ च्या जुलैत मायदेशी परतताना, इंग्लंडचा किनारा आला आणि हा जहाजावरच गेला. बायकोपोरांचं काय ते मला विचारू नका, माझा रस लढाईत.

वसई? ती आधीच, १७८२ च्या सालबाईच्या तहात, परत आपल्याकडे आली. एवढ्या तोफा लावून घेतलेली, कागदावर देऊन टाकली. साष्टी मात्र त्यांनी धरून ठेवली ती ठेवलीच. ठाणं, वांद्रं, सगळंच. तुमचं माहेरचं भाईंदरसुद्धा त्यातच गेलं बघा, वहिनी!